साथीच्या वर्षातील विद्यापरिषदा

कलबुर्गी येथील एका शहात्तर वर्षांच्या वृद्धाचा मृत्यू हा भारतातील करोनाचा पहिला मृत्यू होय, हे इ. स. २०२० च्या मार्चच्या १२ तारखेस निश्चित झाले, आणि दुसऱ्याच दिवशी कर्नाटकाचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी चित्रपटगृहे, मोठाली व्यापारसंकुले आणि विद्यापीठे एक आठवडा बंद ठेवण्याचा हुकूम जाहीर केला. आठवड्याच्या मुदतीने आलेला तो हुकूम पुन:पुन्हा वाढत गेला. कर्नाटकातील महाविद्यालयांचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते १७ नोव्हेंबरला, म्हणजे आठ महिन्यांनी, आणि तेही पालकांचे संमतिपत्र व रोगमुक्ततेचा दाखला हाती असलेल्या विद्यार्थ्यांपुरतेच.

बेंगळुरूच्या आग्नेयेस असलेल्या कोरमंगला या उपनगराचे नाव आज नवउद्योगांशी जोडले जाते. परंतु ते उद्योग येथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ही विद्यासंस्थांची वस्ती आहे. १९६३ साली स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आपल्या विस्तीर्ण रुग्णालयासह येथे उभे आहे. १९६६ पासूनचे ज्योती निवास हे मुलींचे महाविद्यालय येथेच आहे. आणि होसूर रस्त्याने थोडे पुढे गेले की क्राइस्ट विद्यापीठाचे आवार लागते. या संस्थांच्या आश्रयाने गल्लोगल्ली ज्या विद्यार्थ्यांच्या खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांत कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, नागपूर येथून आलेली मराठी मुलेमुलीही असतात. मार्चच्या त्या दुसऱ्या पंधरवड्यात, रेल्वे बंद होण्यापूर्वी गावी पोहोचावे की येथेच थांबावे, परीक्षा होणार की नाही, झाली तर केव्हा आणि कशी, या प्रश्नांची उत्तरे मागण्यासाठी ही मुले आपापल्या प्राध्यापकांकडे गेली, तेव्हा प्राध्यापकांपाशी उत्तर नव्हते. आणि उत्तर नसण्याचे कारण केवळ रोगाचे नवेपण हे नव्हते. परीक्षा, प्रवेश आणि अभ्यासक्रम यांविषयीचा निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच त्या वर्षी या देशात कोणाला निश्चयाने सांगता येत नव्हते. त्या अधिकाराची ओढाताण कशी झाली आणि तिचा निवाडा अखेर कोठे लागला, हा या लेखाचा विषय आहे.

शांततेच्या काळात या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेले असते. विद्यापीठाचा पैसा, इमारती आणि नेमणुका हे व्यवस्थापन परिषदेने पाहावे. काय शिकवावे, कोणाला प्रवेश द्यावा, परीक्षा कशी घ्यावी आणि पदवी कोणत्या कसोटीवर द्यावी, हे विद्यापरिषदेने, अभ्यासमंडळांनी आणि परीक्षा मंडळाने, म्हणजे मुख्यत: अध्यापकांनी, ठरवावे, अशी ही वाटणी आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली १९१७ साली नेमलेल्या आयोगाने तिचा आग्रहपूर्वक पुरस्कार केला. हा आयोग आपल्या कामात गढलेला असतानाच १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने देशात लक्षावधी माणसे नेली, हे ध्यानी घेतले म्हणजे विद्यापीठांच्या आधुनिक रचनेचा पाया एका साथीच्या दिवसांतच घातला जात होता, असे म्हणावे लागते. महाराष्ट्राला तर शिक्षकांच्या स्वायत्त कारभाराचा धडा सॅडलरसाहेबांकडून घेण्याची गरजच नव्हती. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आणि तिच्या फर्ग्युसन महाविद्यालयाने शिकवणाऱ्या आजीव सभासदांच्या हातीच संस्थेची सूत्रे ठेवली होती. आगरकर, गोखले, कर्वे ही माणसे वर्गात शिकवीत आणि संस्थेच्या बैठकीत तिच्या कारभारावर मतही देत.

परंतु साथ आली की एक निराळाच कायदा जागा होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ॲकॅसियो व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचे निदान केले. पुढे थोड्याच महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग प्रतिबंधाचा अवघ्या चार कलमांचा कायदा मंजूर झाला. सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुखत्यारी देणारा आणि त्या मुखत्यारीला जवळजवळ कसलीच चौकट न घालणारा हा कायदा पुण्यात कसा वापरला गेला, हे मराठी वाचकाला सांगण्याचे कारण नाही. येथे सांगायचे ते इतकेच की त्याही काळात विद्यासंस्था केवळ हुकमाची वाट पाहत बसल्या नाहीत. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वत:च्या अंगावर टोचून घेतली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात प्लेग बळावला तेव्हा आपला अनाथ बालिकाश्रम १९०० साली गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला, आणि साथीच्या भयाने केलेले हे स्थलांतर पुढे स्त्रीशिक्षणाच्या एका मोठ्या संस्थेचे कायमचे ठाणे ठरले. खुद्द बेंगळुरूतही १८९८ च्या प्लेगने दाट पेठा विरळ करण्याची गरज पटवून दिली आणि मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहती त्या निकडीतूनच आखल्या गेल्या.

१८९७ चा तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने पुन्हा हाती घेतला. त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, आणि २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारली गेली. आता एका महाविद्यालयाच्या परीक्षेवर किती जणांची सत्ता होती ते पाहावे. राज्यसरकार होते, राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण होते, केंद्राचे गृहखाते होते, दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोग होता, वैद्यक, विधी, अभियांत्रिकी यांच्या शिखरसंस्था होत्या, राज्यपाल हे कुलपती या नात्याने होते, कुलगुरू होते, आणि या सर्वांच्या शेवटी, ज्यांच्या नावाने प्रश्नपत्रिका निघते आणि ज्यांच्या सहीने गुण मांडले जातात, ते अध्यापक होते. ज्योती निवाससारख्या स्वायत्त महाविद्यालयांची अवस्था अधिकच चमत्कारिक झाली. अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवण्याचा अधिकार अशा महाविद्यालयांस मिळालेला असतो आणि त्यासाठी त्यांची स्वत:ची विद्यापरिषद व अभ्यासमंडळे असतात. परंतु दार उघडण्याचाच अधिकार जेथे नाही, तेथे दाराआड काय चालावे हे ठरवण्याच्या अधिकाराला कितीसा अर्थ उरतो? सेंट जॉन्ससारख्या ठिकाणी तर जो अध्यापक सकाळी रुग्णालयात रोग्यांच्या खाटांमधून फिरत होता, त्यानेच दुपारी पडद्यासमोर बसून व्याख्यान द्यायचे होते, आणि विद्यापीठाकडून परीक्षेची कोणती तारीख येते याची वाटही त्यानेच पाहायची होती.

या गोंधळाचे सर्वांत मोठे नाट्य महाराष्ट्रात घडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने हरियाणा केंद्रीय विद्यापीठाचे कुलगुरू आर. सी. कुहाड यांच्या समितीच्या शिफारशींवरून २९ एप्रिलला मार्गदर्शक सूचना काढल्या. अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैत घ्याव्या, खालच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत मूल्यमापनावर पुढे सरकवावे, असा त्यांचा मथितार्थ होता. महाराष्ट्राने मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू सुहास पेडणेकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलगुरूंची समिती नेमलीच होती. तिच्या सल्ल्याला अनुसरून उच्च व तंत्रशिक्षण मंत्री उदय सामंत यांनी ८ मे रोजी जाहीर केले की परीक्षा केवळ अंतिम वर्षाची होईल आणि ती जुलैत होईल. विद्याक्षेत्रातील माणसांनी एकत्र बसून आखलेली, पुढील महिन्यांची शक्याशक्यता पाहणारी अशी ही पहिली योजना होती, आणि तिच्यात फेरफार करण्याची वाटही मोकळी होती.

ती योजना महिनाभरही टिकली नाही. मे महिन्यात मुंबई आणि पुणे येथील रोग्यांची संख्या झपाट्याने वाढली. महाविद्यालयांच्या इमारती आणि वसतिगृहे विलगीकरणासाठी ताब्यात घेतली जाऊ लागली. गावी गेलेल्या मुलांना परत कसे आणावे हे कोणाला सांगता येईना. सामंतांनी परीक्षा रद्द करण्याची परवानगी आयोगाकडे मागितली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी कुलपती या नात्याने त्यास हरकत घेतली आणि परीक्षेवाचून पदवी देणे विद्यापीठ कायद्याशी विसंगत होईल, असे मुख्यमंत्र्यांना कळवले. तरीही ३१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जनतेला उद्देशून केलेल्या भाषणात, मागील सत्रांच्या गुणांची सरासरी काढून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण केले जाईल, असे जाहीर केले. १९ जूनला तसा शासन निर्णय निघाला. ज्यास सरासरी मान्य नसेल त्याने पुढे परिस्थिती निवळल्यावर परीक्षा द्यावी, अशी मुभाही त्यात होती. आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे भवितव्य या निर्णयावर लटकले होते.

या निर्णयाला केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. परीक्षेच्या दालनात पन्नास मुले एकत्र बसवल्याने एखाद्या घरातील वृद्ध दगावला असता तर त्याची जबाबदारी कोणी घेतली असती, हा सरकारच्या मनातील प्रश्न खोटा नव्हता. परंतु तो प्रश्न आरोग्याचा होता, आणि त्याचे उत्तर परीक्षा पुढे ढकलणे हे होते; परीक्षेवाचून कोणत्या गुणांवर पदवी द्यावी हा त्याहून सर्वस्वी वेगळा, विद्येचा प्रश्न होता, आणि तो सोडवण्याचे स्थान मंत्रालय नव्हे, विद्यापरिषद हे होते. ही दोन प्रश्नांची सरमिसळ त्या वर्षीच्या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

आयोगाची भूमिका जुलैत ताठर झाली. ६ जुलैला गृहखात्याच्या संमतीने त्याने नव्या सूचना काढल्या: अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत झालीच पाहिजे, मग ती कागदावर होवो, संगणकावर होवो किंवा दोहोंच्या मिश्रणाने होवो. एप्रिलमध्ये जी गोष्ट सल्ला म्हणून आली होती ती आता आज्ञा होऊन आली. महाराष्ट्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने १३ जुलैच्या बैठकीत परीक्षा न घेण्याचाच निश्चय कायम केला. पुणे विद्यापीठाच्या अधिसभेच्या एका माजी सदस्याने राज्याच्या निर्णयाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तर युवासेनेने आयोगाच्या सूचनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील विद्यार्थ्यांच्या याचिकाही तेथे दाखल झाल्या, आणि सर्व प्रकरणे एकत्र आली. विद्यार्थी आणि पालक वर्तमानपत्रांतून रोज नवी बातमी वाचत होते, आणि ज्यांनी परीक्षा घ्यावयाची ते अध्यापक मात्र प्रश्नपत्रिका काढावी की गुणांची सरासरी मांडावी, या विवंचनेत हात बांधून बसले होते.

२८ ऑगस्टला न्यायमूर्ती अशोक भूषण, आर. सुभाष रेड्डी आणि एम. आर. शहा यांच्या पीठाने निकाल दिला. साथीच्या काळात परीक्षा घेणे धोक्याचे आहे असे राज्याच्या आपत्ती प्राधिकरणाला वाटले तर ते ती लांबणीवर टाकू शकते, आणि त्यापुढे आयोगाने घातलेली मुदतही टिकणार नाही. परंतु परीक्षेवाचून, मागील गुणांच्या सरासरीवर विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करून पदवी द्यावी असे फर्मावण्याचा अधिकार त्या प्राधिकरणाला नाही. ज्या राज्याला सप्टेंबरअखेर परीक्षा घेणे अशक्य वाटेल त्याने आयोगाकडे मुदतवाढीची दरखास्त करावी. आरोग्याचा प्रश्न आणि विद्येचा प्रश्न यांतील जी सीमा सरकारच्या आणि आयोगाच्या अशा दोन्ही हुकुमांनी पुसून टाकली होती, ती या निकालाने पुन्हा आखली.

निकालानंतर जे घडले त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे जाणार नाही, परंतु माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा खरा गाभा तेथेच आहे. महाराष्ट्राने परीक्षा ऑक्टोबरअखेरपर्यंत आटोपण्याची मुदत मिळवली आणि विद्यार्थ्यांनी घरून द्यावयाच्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेची योजना करण्याचे काम पुन्हा विद्यापीठांकडे आले. पाच महिने ज्यांना कोणी विचारले नव्हते त्या अध्यापकांना आता पाच आठवड्यांत सारे उभे करावयाचे होते. मुंबई विद्यापीठाने महाविद्यालयांचे गट पाडले. प्रत्येक गटात एका महाविद्यालयाने पुढाकार घ्यावा, त्यातील शिक्षकांनी मिळून प्रश्नसंच तयार करावा आणि एका तासात पन्नास गुणांची परीक्षा घ्यावी, अशी व्यवस्था केली. सविस्तर उत्तरे लिहिण्याची सवय असलेल्या मराठी, इतिहास किंवा तत्त्वज्ञान या विषयांच्या प्राध्यापकांना चार पर्यायांतून एक निवडण्याचे प्रश्न रचणे किती जड गेले असेल, हे अध्यापनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सहज कळेल. व्यत्ययही आलेच. विद्यापीठांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी ऐन सप्टेंबरअखेर आपल्या मागण्यांसाठी काम बंद ठेवले. मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा ऑक्टोबरच्या आरंभी यंत्रणा कोलमडल्याने तहकूब करावी लागली आणि विद्यापीठाने तो सायबर हल्ला असल्याचे सांगितले. पुणे विद्यापीठाची परीक्षा १२ ऑक्टोबरला सुरू झाली तेव्हा तेथेही तांत्रिक अडचणींच्या तक्रारी आल्या. इतके असूनही परीक्षा पार पडल्या आणि निकाल लागले. जी गोष्ट मे ते ऑगस्ट अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती कामाची सूत्रे शिक्षकांच्या हाती येताच, सदोष का होईना, शक्य झाली.

२८ ऑगस्टच्या त्या निकालाला आठवडाही होतो न होतो तोच बेंगळुरूत दुसरे प्रकरण उभे राहिले. कोरमंगल्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नागरभावी येथे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. १९८६ च्या कर्नाटक कायद्याने स्थापन झालेले आणि माधव मेनन यांच्या दूरदृष्टीने आकारास आलेले हे देशातील या प्रकारचे पहिले विद्यापीठ. भारताचे सरन्यायाधीश हे त्याचे कुलपती असतात, आणि त्या वर्षी हे पद नागपूरचे शरद बोबडे यांच्याकडे होते. त्या वर्षी देशातील बावीस विधी विद्यापीठांची एक संयुक्त प्रवेशपरीक्षा होती. ती मे महिन्यात व्हावयाची होती, परंतु साथीमुळे पुन:पुन्हा पुढे जात सप्टेंबरवर आली, आणि २८ ऑगस्टला तिची ७ सप्टेंबरची तारीखही बदलून २८ सप्टेंबर मुक्रर झाली. नागरभावीच्या विद्यापीठात वर्षाचे तीन त्रैमासिक भाग असतात. एक त्रैमासिक हातचे गेले की अख्खे वर्षच वाया जाण्याचा प्रसंग येतो, अशी तेथील व्यवस्थापनाची कैफियत होती. ती खोटी नव्हती. ३ सप्टेंबरला विद्यापीठाने जाहीर केले की ते संयुक्त परीक्षेतून बाहेर पडून १२ सप्टेंबरला आपली स्वतंत्र परीक्षा घेईल, आणि ती विद्यार्थ्यांनी घरी बसून, संगणकाच्या यांत्रिक पहाऱ्याखाली द्यावयाची आहे.

संयुक्त परीक्षेसाठी सुमारे पाऊण लाख मुले महिनोन्महिने अभ्यास करीत होती. त्यांतील ज्या मुलाच्या गावी अखंड वीज नाही, ज्याच्या घरी संगणक नाही, किंवा ज्याच्या खोलीत चार माणसे राहतात, त्याला नऊ दिवसांच्या सूचनेवर ही नवी परीक्षा द्यावयाची होती. एक पालक आणि त्याच विद्यापीठाचे माजी कुलगुरू आर. वेंकट राव यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने ११ सप्टेंबरला परीक्षा घेण्याची मोकळीक दिली, पण निकाल लावण्यास मनाई केली. परीक्षा झाली; अनेकांना तांत्रिक अडचणी आल्या; १४ सप्टेंबरला काहींची फेरपरीक्षा घ्यावी लागली; प्रश्न बाहेर फिरत असल्याच्या तक्रारीही उठल्या.

२१ सप्टेंबरचा निकाल देणारे पीठ तेच होते, भूषण, रेड्डी आणि शहा यांचे. त्यांनी ३ सप्टेंबरची अधिसूचना रद्द केली आणि त्यासाठी जी कारणे दिली त्यांतील एक प्रत्येक विद्यापीठाच्या सभागृहात लावून ठेवण्याजोगे आहे. विद्यापीठाच्या १९८६ च्या कायद्यानुसार प्रवेशपरीक्षेविषयी शिफारस करणे हे विद्यापरिषदेचे काम होते. येथे निर्णय कार्यकारी परिषदेने ऑगस्टमध्ये घेतला, परंतु विद्यापरिषदेची शिफारस घेतली गेलीच नव्हती. साथीचा प्रसंग असल्यामुळे अपरिहार्यतेच्या तत्त्वावर ही उणीव क्षम्य मानावी, हा युक्तिवादही न्यायालयाने नामंजूर केला. घरी बसून द्यावयाच्या त्या परीक्षेत पारदर्शकता आणि समन्याय राहत नाही, आणि संयुक्त परीक्षेच्या संघाचे नियम सदस्य विद्यापीठावर बंधनकारक आहेत, हीही कारणे होती. परंतु त्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते पहिले. निकड कितीही खरी असली तरी अध्यापकांच्या परिषदेला टाळून जाण्याचा परवाना ती देत नाही, असा त्याचा आशय आहे. आणि हे सांगितले गेले ते एखाद्या ढिसाळ संस्थेला नव्हे, देशाला कायदेपंडित पुरवणाऱ्या नामांकित विद्यापीठाला. संयुक्त परीक्षा २८ सप्टेंबरला झाली, आणि त्याच यादीतून नागरभावीचे प्रवेश झाले. दूरध्वनी आणि पडदा यांच्या साहाय्याने विद्यापरिषदेची बैठक दोन दिवसांत भरवता आली असती. ती भरवली असती तर कदाचित परिषदेनेच या योजनेतील उणिवा दाखवून दिल्या असत्या.

कर्नाटकाच्या सर्वसाधारण महाविद्यालयांनी त्या वर्षी महाराष्ट्राइतका संघर्ष पाहिला नाही. १० जुलैला राज्याने खालच्या वर्षांच्या परीक्षा रद्द केल्या आणि अंतिम वर्षाची ठेवली. ती सप्टेंबरात पार पडली. परंतु साथीत हुकमाने निर्णय घेण्याची जी सवय लागली तिचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ च्या अखेरीस, पुन्हा टाळेबंदी आली. महाविद्यालये, लसीची निदान एक मात्रा घेतलेल्यांसाठी, २६ जुलैला उघडली. आणि बाकांवरची धूळ पुरती झटकली जाते न जाते तोच, ७ ऑगस्टला, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्याच वर्षापासून लागू करण्याचा हुकूम राज्याने काढला. असे करणारे कर्नाटक हे पहिले राज्य होय. तीन वर्षांच्या पदवीच्या जागी चार वर्षांची रचना आली. प्रथम वर्षाचे अभ्यासक्रम काही आठवड्यांत नव्याने बांधावे लागले. आणि ज्या अभ्यासमंडळांनी एरवी वर्षभर चर्चा करून एखादी अभ्यासपत्रिका बदलावी, त्यांच्यापुढे वरून आलेले नमुने स्वीकारण्याखेरीज फारसे काही उरले नाही. धोरणाच्या गुणदोषांचा विचार येथे कर्तव्य नाही. मात्र अध्यापकांच्या सभेत सावकाश न पटवलेली सुधारणा टिकाऊ होत नाही, याची प्रचीती लवकरच आली: पुढील सरकारने अमरावती जिल्ह्यातील मूळचे आणि अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचे स्वतंत्र शिक्षणधोरण ठरवण्यासाठी आयोग नेमला, आणि त्याच्या अंतरिम अहवालावरून मे २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी परत आणली. ज्योती निवासपासून एखाद्या तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयापर्यंत प्रत्येक संस्थेत तीन वर्षांच्या आत दोन वेळा पदवीची चौकट मोडून बांधली गेली, आणि तिच्यात शिकणाऱ्या मुलांच्या तुकड्या एकमेकींशी न जुळणाऱ्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडल्या.

महाराष्ट्रात परिणामाची दिशा वेगळी होती. परीक्षांच्या वादात मंत्री आणि कुलपती यांच्यातील जे वितुष्ट उघड झाले, ते शमले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मंत्र्यांना प्र-कुलपती करणारे आणि कुलगुरूंच्या निवडीत राज्यसरकारचा हात बळकट करणारे विधेयक विधिमंडळाने संमत केले, आणि पुढे सत्तापालट झाल्यावर नव्या सरकारने ते मागे घेतले. एका बाजूस राजभवन आणि दुसऱ्या बाजूस मंत्रालय, अशी ही झुंज होती. विद्यापरिषदेला काय वाटते हे या झुंजीत कोणीही गांभीर्याने विचारले नाही. आणि खेदाची गोष्ट ही की परिषदांनीही ते फारसे मोठ्याने सांगितले नाही. अध्यापकांच्या सभा संथ असतात, शब्दांवर अडतात, कधी कधी क्षुल्लक मानापमानात वेळ दवडतात, हे सारे खरे आहे. परंतु २०२० च्या मे महिन्यात कुलगुरूंच्या समितीने आखलेली योजना आणि ऑक्टोबरात अखेर अमलात आलेली योजना ताडून पाहिल्या तर असे दिसते की मधल्या पाच महिन्यांच्या हुकूम, प्रतिहुकूम, याचिका आणि निवाडे यांनंतर आपण जवळपास तेथेच येऊन पोहोचलो, जेथे त्या लोकांनी आरंभी बोट दाखवले होते.

एक काम मात्र अजून हातचे गेलेले नाही. त्या दीड वर्षातील असंख्य निर्णय दूरध्वनीवरील संदेशांत, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि पडद्यावरील बैठकांत झाले. त्यांची इतिवृत्ते अनेक ठिकाणी लिहिलीच गेली नाहीत किंवा लिहिली गेली असली तर निवृत्त झालेल्या प्राचार्यांच्या संगणकात पडून आहेत. प्लेगच्या काळातील सरकारी अहवाल आणि संस्थांची दप्तरे शाबूत राहिली म्हणून आपण त्या काळाविषयी काही बोलू शकतो. कोरमंगल्यातील असो, कोल्हापुरातील असो किंवा गडचिरोलीतील, प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी २०२० व २०२१ च्या आपल्या विद्यापरिषदेची, अभ्यासमंडळांची आणि परीक्षा समित्यांची कागदपत्रे, आलेली परिपत्रके आणि पाठवलेली उत्तरे, आठवणी ताज्या आहेत तोवर एकत्र करून संस्थेच्या दप्तरी दाखल करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.